गॅलिक गाणी, बॅगपाइप आणि डान्स बीट: नाइटवर्क्सचं गणित

नमस्कार मंडळी! हेडफोन असतील तर लावून घ्या. आजचा व्हिडिओ बघण्यापेक्षा ऐकण्याचा जास्त आहे.

(स्क्रीनवर नकाशा: स्कॉटलंडचा पश्चिम किनारा)

हे स्काय बेट. इथल्या चार पोरांनी एक बँड काढला, नाइटवर्क्स. एक जण पाइप्स, म्हणजे बॅगपाइप वाजवणारा, एक सिंथवर (इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारा कीबोर्ड), एक बेसवर, एक ड्रमवर. 2011 मध्ये पहिला ईपी, म्हणजे चार-पाच गाण्यांचा छोटा अल्बम आला, मग 2015, 2018 आणि 2022 मध्ये एकेक अल्बम. 2024 मध्ये बँडनं थांबायचं ठरवलं. गाणी बहुतेक स्कॉटिश गॅलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतली, त्यातली कित्येक दोन-तीनशे वर्षं जुनी, आणि खाली ठोके थेट क्लबमधले.

अशा बँडबद्दल एक ठरलेलं वाक्य असतं: ‘परंपरा आणि आधुनिकतेचा सुंदर संगम’. हे वाक्य मी आज एकदाच उच्चारलं, परत नाही. कारण त्यातून काहीच कळत नाही. संगम तर कशाचाही करता येतो, लॅपटॉप असला की झालं. मुद्दा असा आहे की हे मिश्रण बसतं का, आणि बसत असेल तर कशामुळे. माझं म्हणणं ऐका: डान्स म्युझिकला जे जे लागतं, त्यातलं निम्मं गॅलिक संगीतात आधीपासूनच होतं. अडचण येते ती माणसाच्या आवाजापाशी.

आधी बॅगपाइप बघू.

(स्क्रीनवर पाइप्सचं चित्र, एकेक भाग दाखवत)

काखेत पिशवी, तोंडानं हवा भरायची, कोपरानं दाबायची. खाली बोटांनी वाजवायची नळी, तिला चँटर म्हणतात. सूर फक्त नऊ. आणि खांद्यावरून वर गेलेल्या तीन नळ्या, त्या ड्रोन. त्या एकच सूर धरून ठेवतात, अखंड. पिशवीत हवा आहे तोवर आवाज थांबत नाही. पाइपरला मध्ये क्षणभर थांबता येत नाही, आवाज लहान-मोठाही करता येत नाही. मग ‘सा सा’ असे दोन सारखे सूर लागोपाठ वाजवायचे कसे? मध्ये वीज चमकावी इतका छोटा दुसरा सूर टाकायचा. बॅगपाइपमधली ती सगळी नक्षी, जी ऐकून आपल्याला वाटतं काय हौशी माणूस आहे, ती खरं तर सक्तीची आहे.

आता हेच एखाद्या सिंथ वाजवणाऱ्याच्या कानानं ऐका. अखंड खर्ज? त्याच्याकडे आहे. एकाच पातळीचा आवाज, वर बारीक झटके? तेही आहे. म्हणून नाइटवर्क्सच्या ट्रॅकमध्ये पाइप्सचा ड्रोन कुठे संपतो आणि सिंथ कुठे सुरू होतो, हे कधी कधी पटकन सांगताच येत नाही. सुरात मात्र घोळ असतो. मोठ्या हायलँड पाइप्सचा सूर आजकाल नेहमीच्या पट्टीपेक्षा थोडा चढा असतो. कीबोर्ड शेजारी ठेवला की दोघं भांडतात. मग एक तर पाइप्स उतरवून लावायच्या, नाही तर सिंथ चढवायचा. ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही, पण रिहर्सलचा पहिला तास यातच जातो.

दुसरी गोष्ट रील. नाचाची चाल. आठ मात्रांच्या... नाही, आठ बारांच्या तुकड्यांत बांधलेली, प्रत्येक तुकडा दोनदा. बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन. चांगल्या चढलेल्या रीलमध्ये पाय मिनिटाला साधारण 110 ते 120 वेळा पडतो. हाउस म्युझिक, म्हणजे क्लबमधलं डान्स संगीत, 120 च्या आसपास, आणि तेही आठ आणि सोळा बारांच्याच हिशोबात चालतं. म्हणजे रीलखाली किक ड्रम, तो पायानं वाजवायचा धप-धप ड्रम, टाकताना रीलला ओढूनताणून काही करावं लागत नाही. शेवटी तेही नाचण्यासाठीच होतं, हेही नाचण्यासाठीच आहे.

आणि तिसरी, माझी सगळ्यात आवडती. वॉकिंग साँग्ज. नाही, चालण्याची नव्हेत! हेब्रिडीज बेटांवर हातमागावर लोकरीचं कापड विणून झालं की ते सैल असायचं, तेलकट असायचं. ते घट्ट करायच्या कामाला ‘वॉकिंग’ म्हणतात, आणि ते बायकांचं. लांब फळीभोवती दहा-बारा जणी समोरासमोर बसणार, ओलं कापड फळीवर आपटणार, पुढे सरकवणार, आपटणार, सरकवणार. कापड भिजवलेलं कशात? साठवलेल्या मुतात. हसू नका. त्यातल्या अमोनियानं तेल निघतं आणि रंग पक्का होतो. त्या वासात तासन्‌तास बसायचं तर गाणं हवंच. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ‘हि रि ओ हो’ असं बिनअर्थाचं ध्रुपद उचलायचं. आपल्याकडे जात्यावर ओवी जशी घरघरीवर चालायची, तसं हे गाणं कापडाच्या ठोक्यावर चालायचं. मध्येच कुणी तरी बोटांनी कापडाची रुंदी मोजून बघायची, पुरेसं आटलंय का. नसेल तर अजून एक गाणं. तेच गाणं पुन्हा नाही हं, एकदा म्हटलेलं त्या कापडाला पुन्हा म्हणणं अशुभ मानायचे.

(टेबलावर हाताने ठोके धरत)

धप, धप, धप, धप. हे काय आहे? हा किक ड्रम आहे. वर अर्थ नसलेलं ध्रुपद पुन्हा पुन्हा. हा लूप आहे. 1992 मध्ये कॅपरकेली या बँडनं असंच सुमारे 400 वर्षं जुनं एक वॉकिंग गाणं घेतलं आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या चाळीसात नेऊन बसवलं. स्कॉटिश गॅलिकमधलं तिथवर पोचलेलं ते पहिलं गाणं.

मग अडतं कुठे? एकटा गळा गातो तेव्हा. जुने गॅलिक गायक साथीशिवाय गातात. शब्द ओढतील, श्वास वाटेल तिथे घेतील, एखाद्या अक्षरावर रेंगाळतील. मीटर घड्याळाचं नसतं, कथेचं असतं. अशा रेकॉर्डिंगखाली मशीनचा ठोका ठेवला की दोन गोष्टी होतात. एक तर गायक बेताल वाटतो, किंवा कापून-ताणून त्याला ठोक्यात बसवतात आणि मग त्याच्यात जीव राहत नाही.

हे कोडं ज्यानं सोडवलं त्याचं नाव मार्टिन बेनेट. नाइटवर्क्ससारखे बँड ज्या रस्त्यावर चालले तो यानं पाडलेला. जन्म 1971, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा. लहानपणीच स्कॉटलंडला आला. आई मार्गारेट बेनेट, लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि गायिका. पाइप्स वाजवायचा, व्हायोलिन वाजवायचा, अभिजात संगीताचं रीतसर शिक्षण ग्लासगोत. आणि रात्री क्लबमध्ये. 1997 च्या ‘बॉथी कल्चर’ अल्बममध्ये त्यानं सोर्ली मॅक्लेन या कवीचा आवाज वापरला, स्वतःची ‘हॅलेग’ ही कविता वाचतानाचा. मॅक्लेन स्कायच्या शेजारच्या रासे बेटावरचे. हॅलेग हे तिथलं गाव, जमीनदारांनी मेंढ्यांसाठी रिकामं करून टाकलेलं. बेनेटनं तिथे कवीला घाई केली नाही. कवी आपल्या चालीनं बोलतो, संगीत त्याच्यासाठी थांबतं. पुढे नाइटवर्क्सनंही आपल्या पहिल्या अल्बममध्ये याच मॅक्लेनचा आवाज घेतला. हा काही योगायोग नव्हे.

2000 मध्ये बेनेटला कॅन्सर झाला. उपचारांनी अंगात वाजवायची ताकद राहिली नाही, आणि एकदा संतापाच्या भरात त्यानं आपली वाद्यंच फोडली. मग उरलं काय? दुसऱ्यांचे आवाज. जुन्या रेकॉर्डिंगमधले, भटक्या ट्रॅव्हलर समाजातल्या गायकांचे, गॅलिक गायकांचे. एडिंबरा विद्यापीठात 1951 पासून स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज ही संस्था गावोगाव फिरून असे आवाज टेपवर साठवत आली होती, आणि बेनेटची आई तिथेच शिकवायची. मल बेटावर बसून त्यानं त्यातून 2003 मध्ये ‘ग्रिट’ केला. तिथे कधी ठोका पूर्ण काढून टाकतो आणि गळ्याला एकटं सोडतो. कधी गायिकेची ओळ संपेपर्यंत ड्रम अडवून धरतो आणि तिनं श्वास घेतला की सोडतो. श्वासही कापलेले नाहीत, ऐकू येतात. 30 जानेवारी 2005 ला तो गेला. वय 33.

नाइटवर्क्सचा मार्ग वेगळा आहे, त्यांच्याकडे जिवंत गायिका होत्या. सियान या तीन गॅलिक गायिकांच्या गटानं त्यांच्यासोबत गायलं. जिवंत माणूस ठोका ऐकून गातो, त्यामुळे गाणं आणि बीट एकमेकांना वाट देतात. क्लबसाठी हे जास्त सोयीचं. मला विचाराल तर ‘ग्रिट’मधला तो ओरखडा त्यात नाही. पण नाचायचं असेल तर नाइटवर्क्सच.

आणि हो, कमेंटमध्ये येणारच म्हणून आत्ताच सांगतो: यामुळे गॅलिक वाचली का? मला नाही वाटत भाषा बीटनं वाचते. आकडे बघा. 2011 मध्ये स्कॉटलंडमध्ये गॅलिक बोलणारे 57 हजारांच्या आसपास होते, 2022 मध्ये जवळपास 70 हजार. वाढले! पण जिथे ती घरात बोलली जायची त्या पश्चिमी बेटांवर बोलणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. शहरातल्या गॅलिक शाळांमधून पोरं बाहेर पडताहेत, बेटावरची घरं इंग्रजीकडे वळताहेत. त्या शहरी पोरांना शनिवारी रात्री ऐकायला आपल्या भाषेतलं काही तरी मिळालं, एवढं श्रेय या बँडला मी नक्की देईन. त्याहून जास्त ओझं त्यांच्यावर टाकू नका, ते बिचारे पाइप्स सुरात लावत होते.

आता काय ऐकाल? आधी साधं वॉकिंग गाणं शोधा, टेबलावर कापड आपटणाऱ्या बायकांसकट. मग नाइटवर्क्सचा 2018 चा ‘एर फार अन ला’, सियानबरोबरचा. आणि मग ‘ग्रिट’, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये ट्रॅक न बदलता. फोनच्या स्पीकरवर नको, ड्रोनचा खर्ज त्यात उरतच नाही. भेटू पुढच्या व्हिडिओत.