आधी भिंत शोधा

मंडळी, रस्त्यावरची चित्रं बघायला निघालेली माणसं चित्रं शोधत फिरतात आणि दमतात. शोधायची ती भिंत. रंगवणाराही भिंत शोधत हिंडलेला असतो. त्याच्या नजरेनं शहर बघितलं की चित्र समोर येतं. आणि एका माणसाला सगळ्या भिंती दिसत नाहीत, म्हणून हे काम मित्रांबरोबर करायचं.

मोठ्या चित्राला बिनखिडक्यांची भिंत लागते. ती बहुधा इमारतीच्या कडेची असते. शेजारची इमारत पाडली गेली, तिथे वाहनतळ झाला किंवा नुसती मोकळी जागा उरली, की ही भिंत एकाएकी उघडी पडते. त्यामुळे निघण्याआधी उपग्रहाच्या नकाशात दाट वस्तीतले मोकळे चौकोन हेरून ठेवावेत. त्यांच्या जोडीला पुलाखालचे खांब, गोदामांच्या मागच्या गल्ल्या, बांधकामाभोवतीचे पत्रे, विजेच्या पेट्या. दुकानांची शटर वेगळ्याच वेळापत्रकावर चालतात: दुकान उघडलं की चित्र गुंडाळलं जातं. ती बघायची तर भल्या सकाळी किंवा सुट्टीच्या दिवशीच जावं लागतं.

एकमार्गी रस्त्यावर चित्र बहुधा समोरून येणाऱ्या वाहनांना दिसेल अशा भिंतीवर काढलेलं असतं. तुम्ही वाहनांच्या उलट दिशेनं चालत असाल तर ते तुमच्या पाठीमागे राहतं. म्हणून दर शंभरेक पावलांवर एकानं मागे वळून बघायचंच.

माणसं तीन ते पाच असावीत. सहाच्या वर गेली की घोळका होतो, पदपथ अडतो आणि अर्धे लोक गप्पांत रमतात. चौघं असाल तर काम वाटून घ्या. डाव्या हाताची भिंत एकाकडे, उजव्या हाताची दुसऱ्याकडे. तिसऱ्यानं पहिल्या मजल्याच्या वरचं बघायचं, चौथ्यानं गुडघ्याखालचं. हा पोरखेळ वाटेल, पण इनव्हेडर या नावानं काम करणारा कलावंत 1998 पासून पॅरिसमध्ये छोट्या चौकोनी फरश्यांचे तुकडे जोडून आकृत्या लावतो आहे, आणि त्या बऱ्याचदा कोपऱ्यावर, डोक्याच्या कितीतरी वर असतात. उलट लंडनमधल्या मिलेनियम ब्रिजवर बेन विल्सन यांनी पायाखाली चिकटलेल्या च्युइंगमवर चित्रं रंगवली आहेत. समोर बघत चालणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही. अर्ध्या तासानं जबाबदाऱ्या बदला. एकाच उंचीवर खिळलेली नजर पुढे पुढे नुसती सरकत जाते.

वेग किती? एरवी आपण तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. इथे तासाला दीड किलोमीटर झाला तरी भरपूर. तीन तासांत चार-साडेचार किलोमीटर धरा आणि साधारण एक किलोमीटर लांब-रुंद भाग निवडा. यापेक्षा मोठा भाग घेतला की शेवटच्या तासात माणसं फक्त पुढचं ठिकाण गाठत असतात. तयार नकाशांवर फार विसंबू नका. त्यांतलं बरंच काही पुसलं गेलेलं असतं, आणि नोंद कोणत्या तारखेची आहे हे क्वचितच लिहिलेलं असतं.

आता भिंत वाचायची कशी ते पाहू. यावर जरा वेळ घालवणार आहे, कारण भराभर फोटो काढून पुढे जाणाऱ्यांचं नेमकं हेच राहून जातं.

पहिली खूण उंची. उभ्या माणसाचा हात सुखानं पोचतो तिथे, म्हणजे दीड-दोन मीटरपर्यंत, टॅग असतात. टॅग ही सही. न्यूयॉर्कमध्ये टाकी 183 ही सही इतक्या ठिकाणी उमटली की 1971 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं त्यावर बातमी छापली. लोक टॅगकडे घाण म्हणून बघतात, पण शोधणाऱ्याला त्याचा उपयोग होतो: एकच सही तीन-चार कोपऱ्यांवर दिसली की तो माणूस कोणत्या वाटेनं फिरतो ते कळतं, आणि त्या वाटेवरच्या आडबाजूला त्याचं मोठं कामही सापडू शकतं. तीन-चार मीटर उंचीवरची, एका-दोन रंगांतली ठोकळेबाज अक्षरं लांब दांड्याच्या रोलरनं काढलेली असतात. आणि दहा मीटर उंचीचं, बारीक छटांचं चित्र? त्याला परांची किंवा उचलणारं यंत्र लागतं, काही दिवस लागतात. म्हणजे ते बहुधा परवानगीनंच झालेलं. दिल्लीच्या लोधी कॉलनीतल्या भिंती अशाच, स्टार्ट इंडिया फाउंडेशनच्या पुढाकारानं रंगवलेल्या.

अर्धवट राहिलेल्या मोठ्या भिंतीवर कधी अर्थहीन रेघोट्या, अक्षरं, गोल दिसतात. ते कुणी खराब केलेलं नसतं. कलावंत आधी अशा खुणा करतो, भिंतीचा फोटो काढतो, त्यावर आपलं रेखाटन ठेवून बघतो आणि कोणत्या खुणेजवळ डोळा येईल, कुठे हात येईल ते ठरवतो. चौकटी आखण्यापेक्षा हे सोपं जातं. अशी भिंत दिसली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

दुसरी खूण कडा. स्प्रेचा डबा भिंतीजवळ धरला की रेष बारीक आणि धारदार येते, लांब धरला की कड धूसर होते. हात रेंगाळला की रंग ओघळतो. सगळीकडे सारखीच धारदार कड आणि आकृतीत मधेच बारीक तुटलेल्या जागा दिसल्या तर ते स्टेन्सिल, म्हणजे कापलेला साचा भिंतीवर धरून त्यातून फवारलेलं चित्र. त्या तुटलेल्या जागा म्हणजे साच्यातले दुवे. ते ठेवले नाहीत तर डोळ्याचं बुबुळ किंवा अक्षराच्या आतला गोल कापताना निसटून पडतो. ब्लेक ल रा या फ्रेंच कलावंतानं 1981 मध्ये पॅरिसमध्ये उंदीर छापायला सुरुवात केली ती याच पद्धतीनं. सगळी मेहनत घरी होते, भिंतीपाशी काही मिनिटंच उभं राहावं लागतं. खळीनं चिकटवलेले कागद मात्र कडेपासून सुटतात. कोपरे उचललेले नसतील तर काम ताजं. सुटलेला कोपरा ओढून बघायचा मोह आवरा, आणि मित्राचाही हात धरा.

तिसरी खूण रंगाचा उडालेला भाग. जास्त ऊन खाणाऱ्या भिंतीवर बहुधा लाल, गुलाबी, पिवळे आधी विटतात. निळे आणि काळे तग धरतात. चित्र विचित्र निळसर दिसलं तर कलावंताला तसं हवं होतं असं लगेच समजू नका.

आणि पुसलेल्या भिंती. मूळ रंगाशी न जुळणारे राखाडी चौकोन दिसले की तिथे काही होतं, आणि तिथे पुन्हा काही येण्याचीही शक्यता आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या फाइव्ह पॉइंट्झ या इमारतीवरची चित्रं 2013 च्या नोव्हेंबरमध्ये मालकानं एका रात्रीत पांढरी करून टाकली. 2018 मध्ये न्यायालयानं 21 कलावंतांना 67 लाख 50 हजार डॉलर भरपाई मंजूर केली. आधी काय होतं हे बघायचं तर गूगल स्ट्रीट व्ह्यूमध्ये त्याच जागेची जुनी वर्षं उघडता येतात.

फोटोबद्दल. सर्वांत मोठा धोका भिंतीचा नाही, मागे सरकणाऱ्या माणसाचा आहे. त्याचं लक्ष पुढे असतं आणि पाय रस्त्यात. एकानं मागे सरकायचं तर दुसऱ्यानं वाहनांकडे बघत उभं राहायचं, हा नियम मोडू नका. दहा मीटर उंचीची भिंत फोन वर न कलवता घ्यायची तर नेहमीच्या लेन्सनं साधारण बारा-तेरा मीटर मागे जावं लागतं. गल्ली तेवढी रुंद नसेल तर अतिरुंद लेन्सनं कडा ताणून घेण्यापेक्षा दोन-तीन तुकड्यांत घ्या. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंती सकाळी, पश्चिमेकडच्या दुपारनंतर. झाडाची जाळीदार सावली पडत असेल तर ढगाळ दिवसाची वाट बघा.

प्रत्येक ठिकाणी पहिला फोटो रस्त्याच्या नावाच्या पाटीचा किंवा घरक्रमांकाचा. उंच इमारतींमध्ये फोनवरचं ठिकाण काही मीटर इकडेतिकडे सरकतं आणि घरी गेल्यावर कोणती गल्ली ते आठवत नाही. मग लांबून, आजूबाजूसकट एक फोटो. बँक्सी या भित्तिचित्रकारानं 2014 मध्ये इंग्लंडमधल्या चेल्टनहॅममध्ये एका खऱ्या टेलिफोन बूथभोवती चोरून ऐकणारे तीन हेर रंगवले होते. बूथ वगळून फोटो काढला तर चित्र उरलंच नसतं. त्यानंतर सरळ समोरून, आणि शेवटी सही. सही बहुधा खालच्या कोपऱ्यात असते आणि तिथेच नेमकी गाडी उभी असते; वाकून बघायला एकाला पाठवा.

काही गोष्टी करायच्या नाहीत, त्या थोडक्यात. रेल्वेच्या हद्दीत आणि पडक्या इमारतीत शिरायचं नाही. कुणाच्या खिडकीत किंवा अंगणात कॅमेरा रोखायचा नाही. रंगवताना कुणी दिसलं तर विचारल्याशिवाय चेहरा टिपायचा नाही, त्या वेळचं ठिकाणही जाहीर करायचं नाही. फोटो विकायचा किंवा जाहिरातीत वापरायचा असेल तर चित्र कुणाचं ते शोधून परवानगी घ्यावी लागू शकते.

परतल्यावर त्याच संध्याकाळी सगळ्यांचे फोटो एका ठिकाणी टाका. फाइलच्या नावात तारीख, रस्ता, सहीचं नाव. आठवडा गेला की कुणाचा कोणता फोटो हा वाद मिटत नाही. कोऱ्या आणि पुसलेल्या भिंतीही त्यातच ठेवा. दोन-तीन महिन्यांनी त्याच वाटेनं जाताना फोटो जिथून घेतला होता तिथेच उभं राहता यावं, म्हणून पायाखालची खूण लिहून ठेवा: तिसरा दिव्याचा खांब, गटाराचं झाकण, पदपथाची तुटलेली फरशी.