पगारातली कपात जाते कुठे?

[दृश्य: टेबलावर पगाराची स्लिप. एक बोट ओळींवरून खाली सरकतं.]

महिनाअखेरीला स्लिप हातात येते. बहुतेकांची नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते: हातात किती पडणार? मधली सामाजिक सुरक्षेच्या कपातीची ओळ तशीच राहते. कधी लक्ष गेलंच, तर मनात येतं, गेले पैसे.

पण हे पैसे वाया गेलेले नसतात, आणि बऱ्याच देशांत ते तुमच्या नावाच्या गल्ल्यातही साठत नाहीत. आज कामावर असलेल्यांच्या वर्गणीतून आजच्या निवृत्तांचं पेन्शन आणि आजाऱ्यांचा भत्ता दिला जातो. मग तुमच्याकडे काय राहतं? नोंद. अमक्या कामगाराची अमक्या महिन्याची वर्गणी जमा झाली, एवढी एक नोंद. उद्या हक्क मागायचा, तो तिच्याच बळावर.

[दृश्य: जुनं कार्ड, त्यावर ओळीनं चिकटवलेली तिकिटं.]

सक्तीच्या वर्गणीची ही पद्धत राष्ट्रीय पातळीवर पहिल्यांदा उभी राहिली जर्मनीत. १८८३ साली चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बिस्मार्कच्या काळात आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. वर्गणीतले दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. पुढच्याच वर्षी अपघात विमा आला आणि त्याचा खर्च मालकांवर टाकला गेला. कारखाना ज्याचा, तिथल्या धोक्याची जबाबदारीही त्याचीच. आजही अनेक देशांत अपघात विम्यासाठी कामगाराच्या पगाराला हात लावत नाहीत, त्याचं मूळ इथे आहे. १८८९ साली म्हातारपणाचं पेन्शन आलं, तेही वयाच्या सत्तरीनंतर! पण त्याच कायद्यात अपंगत्वाचंही पेन्शन होतं. सत्तरीच्या आत ज्याचं शरीर थकलं, त्याला आधार होता तो या पेन्शनचाच.

ब्रिटनमध्ये १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. आजारपणाच्या विम्यासाठी पुरुष कामगाराचे आठवड्याला ४ पेन्स, मालकाचे ३ आणि सरकारचे २. मालक वर्गणीची पावती म्हणून विम्याचं तिकीट विकत घेऊन कामगाराच्या कार्डावर चिकटवायचा आणि कामगाराचा हिस्सा मजुरीतून वळता करून घ्यायचा. त्या कार्डाची एक मोठी सोय होती. कुठल्या आठवड्याचं तिकीट लागलं नाही, ते कामगाराला नुसत्या डोळ्यांनी दिसायचं.

[दृश्य: टाइपरायटरवर चालणारी बोटं.]

अमेरिकेचा सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ चा. तिथलं पहिलं मासिक पेन्शन मिळालं आयडा मे फुलर यांना. वकिलांच्या कार्यालयात सचिव म्हणून काम करणाऱ्या या बाईंच्या पगारातून तीन वर्षांत एकूण २४.७५ डॉलर कापले गेले होते. जानेवारी १९४० मध्ये त्यांना पहिला धनादेश मिळाला, २२.५४ डॉलरचा. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी भरलेली सगळी रक्कम वसूल झाली. पुढे त्या वयाच्या शंभरीपर्यंत जगल्या आणि त्यांना मिळालेली रक्कम बावीस हजार डॉलरच्या वर गेली.

हे उदाहरण ऐकून हुरळून जाऊ नये. फुलर पहिल्या पिढीतल्या होत्या. त्या वेळी भरणारे पुष्कळ आणि घेणारे मोजके होते. आता निवृत्तांची संख्या वाढते आहे, म्हणूनच ठिकठिकाणी निवृत्तीचं वय पुढे सरकतंय आणि वर्गणीच्या दरावरून वाद होताहेत. तरी मूळ तत्त्व कायम आहे. दीर्घायुषी माणसाचा पैसा मध्येच संपू नये, आणि अकाली गेलेल्याच्या घरच्यांवर उघड्यावर यायची वेळ येऊ नये.

ही योजना म्हणजे फक्त म्हातारपणाची सोय, हा समज तर सगळ्यात महाग पडतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ सालच्या १०२ क्रमांकाच्या करारात नऊ प्रकारचे लाभ सांगितले आहेत: औषधोपचार, आजारपणातला भत्ता, बेकारी भत्ता, वार्धक्य, कामावरचा अपघात, कुटुंब भत्ता, बाळंतपण, अपंगत्व आणि मागे राहिलेल्या वारसांचं पेन्शन. सगळे देश सगळे लाभ देत नाहीत. पण जे मिळू शकतात, तेही अर्ज न केल्यामुळे पडून राहतात. कमावता माणूस गेल्यावर त्याच्या वर्गणीवर आपला हक्क आहे, हे घरच्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

त्याच करारात आणखी एक महत्त्वाचं कलम आहे: विम्याच्या एकूण निधीत कामगारांच्या वर्गणीचा वाटा निम्म्याहून जास्त असू नये. मालकाचा हिस्सा म्हणजे त्याची मेहेरबानी नव्हे. तुमच्या श्रमाच्या मोबदल्याचाच तो भाग आहे. जो स्वतःचा धंदा करतो, त्याला हे लगेच कळतं. अमेरिकेत नोकरदार आणि मालक पेन्शनसाठी प्रत्येकी ६.२ टक्के भरतात. स्वयंरोजगारवाल्याला मात्र १२.४ टक्के एकट्यानंच भरावे लागतात.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर वर्षांची यादी, मधली एक ओळ कोरी.]

आता ही कोरी ओळ बघा. पेन्शनला पात्र व्हायला ठरावीक काळ वर्गणी भरलेली लागते. अमेरिकेत त्यासाठी ४० श्रेयांक, म्हणजे नोंदलेल्या कमाईवर मिळणारे गुण, हवेत, वर्षाला जास्तीत जास्त चार. म्हणजे किमान दहा वर्षांचं काम. ते सलग असायची गरज नाही, पण नोंदलेलं असायलाच हवं. रोखीनं, कागदाविना केलेलं काम इथे धरलं जात नाही. कधी पगारातून रक्कम कापली जाते, पण मालक ती पुढे भरतच नाही. स्लिपवर कपात दिसते आणि खात्यावर शून्य. अशा वेळी तीच स्लिप कामगाराचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरते.

वेगवेगळ्या देशांत काम केलेल्यांचं काय? फ्रान्स आणि इटलीनं १९०४ सालीच स्थलांतरित कामगारांच्या विम्याबद्दल करार केला होता. आज असे अनेक करार आहेत. त्यांत दोन्हीकडची वर्षं एकत्र धरून पात्रता ठरवता येते. करार नसेल, तर तुटपुंजी वर्षं दोन्हीकडे अपुरी पडू शकतात.

वर्षातून एकदा आपली नोंद काढून बघा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, कामावर लागल्याची आणि काम सोडल्याची तारीख, प्रत्येक वर्षाची कमाई. जुनी कंपनी बंद पडली, हिशेबनीस निघून गेला की दाद मागणं फार अवघड होऊन बसतं. शिवाय मुदतही असते. अमेरिकेत नोंदीतली चूक दुरुस्त करून घ्यायला, काही अपवाद सोडले तर, ते कमाईचं वर्ष संपल्यापासून तीन वर्षं, तीन महिने आणि पंधरा दिवस मिळतात.