सही कोणाची?

रक्ताची ही पिशवी आत्ता सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे रक्त जोरात गरगर फिरवून त्याचे भाग वेगळे करणाऱ्या मशीनमधून बाहेर आली. इंदूरच्या एका ब्लड सेंटरमध्ये आपण आहोत. थर कसे पडलेत बघा, खाली लाल पेशी आणि वर हा पिवळसर प्लाझ्मा, रक्तातला पातळ भाग, म्हणजे एकाच डोनरचं रक्त दोन-तीन पेशंटच्या कामी येतं. लाल पेशी २ ते ६ डिग्रीत फ्रिजमध्ये, प्लाझ्मा उणे ३० च्या खाली गोठवला की वर्षभर चालतो, आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, या हलत्या ट्रेवर, २० ते २४ डिग्रीत, पाचच दिवस. इकडे तपासण्या चालल्यात, एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस, मलेरिया, या पाचही कायद्यानं कराव्याच लागतात. तरी लागण अगदी ताजी असेल तर ती टेस्टमध्ये न दिसण्याची थोडीशी शक्यता उरते, आणि हे पेशंटला सांगायला हवं, कारण रक्त त्याच्या अंगात जाणार आहे.

आता वॉर्ड. या काकू रामबागेतल्या. हिमोग्लोबिन ६.४. डॉक्टर रक्त चढवायचं म्हणाले आणि घरात पळापळ सुरू, मुलगा डोनर आणायला गेला, भाचा व्हॉट्सॲपवर बी पॉझिटिव्हचे मेसेज टाकतोय, त्यात हा सहमती पत्राचा कागद आला, बारीक अक्षरातला, मुलानं उभ्याउभ्याच सही करून टाकली. काकू शुद्धीवर होत्या, बोलत होत्या, चहा घेत होत्या. त्यांना कुणी विचारलंच नाही, आणि हे आम्हाला पटत नाही. माणूस शुद्धीवर असेल तर सही त्याची, आणि सहीच्या आधी बोलणंही त्याच्याशीच.

सुप्रीम कोर्टानं २००८ च्या एका निकालात हे स्पष्ट सांगितलंय, उपचार काय, कशासाठी, दुसरा पर्याय आहे का, धोका कोणता, नाही घेतला तर काय होईल, हे पेशंटला कळलं पाहिजे. जीवावर बेतलं असेल आणि विचारायला वेळच नसेल तर गोष्ट वेगळी.

मग काकूंनीच डॉक्टरांना थांबवलं. "डॉक्टरसाहेब, रक्त कशाला लावताय, इंजेक्शननं नाही का भागणार?" डॉक्टर खुर्ची ओढून बसले. आयर्नच्या इंजेक्शननं हिमोग्लोबिन वाढतं पण त्याला आठवडे लागतात, आणि काकूंना आत्ताच धाप लागतेय. एक पिशवी लावू, मग परत तपासू. काकूंनी सही केली.

हे बघा, पलंगाजवळ दोन सिस्टर. एकीनं नाव विचारलं, दुसरी पिशवीवरचा नंबर आणि ग्रुप वाचतेय. अशा वेळी नुसतं "हो हो" म्हणू नका, नाव स्वतःच्या तोंडानं सांगा, चुकीचं रक्त चढतं ते बहुतेक वेळा नावाच्याच गफलतीनं. पहिली १५ मिनिटं थेंब हळू ठेवतात, सिस्टर जवळ असते. थंडी वाजली, कंबर दुखली, खाज सुटली, श्वास कोंडला तर लगेच सांगायचं, रक्त तिथल्या तिथे बंद करतात. चुकीच्या ग्रुपनं किडनी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी काकूंचं हिमोग्लोबिन ७.५ आलं, धाप कमी झाली. मुलानं दुसऱ्या पिशवीसाठी डोनर तयार ठेवला होता, पण डॉक्टरांनी ती रद्द केली आणि शिरेतून आयर्नची बाटली सुरू केली.