नाचणारी बाई, चित्रात मात्र उभी

नमस्कार मंडळी! आज एका डान्सरच्या पोर्ट्रेटबद्दल बोलूया, अमेरिकन पेंटर जॉन सिंगर सार्जंटचं 'ला कार्मेन्सिता', १८९० सालचं. चांगलं सव्वादोन मीटरच्या वर उंच चित्र आहे, आणि त्यात मागे सगळा अंधार, पुढे पिवळाधमक झगा घातलेली एक स्पॅनिश बाई कमरेवर हात ठेवून, हनुवटी वर करून उभी. नुसती उभी हं, नाचत नाहीये.

ही कार्मेन्सिता स्पेनमधल्या अल्मेरियाची, १८८९ला न्यूयॉर्कला आली आणि तिथलं पब्लिक तिच्या नाचावर फिदा झालं. सार्जंट तेव्हा अमेरिकेत बड्या लोकांची पोर्ट्रेट्स करत होता, ऑर्डर घेऊन, पण हे चित्र त्याने निव्वळ हौसेने काढलं. आणि बाई काही केल्या स्थिर उभी राहीना! असं सांगतात की तिचं लक्ष आपल्याकडे राहावं म्हणून याने स्वतःचं नाक लाल रंगवलं, आणि त्याचंही तिला काही वाटेनासं झालं तेव्हा चक्क सिगार खाऊन दाखवला. खरंखोटं देव जाणे, पण एवढ्या मोठ्या पेंटरची ही अवस्था ऐकून मला भारी वाटतं.

त्याच सुमाराला विल्यम मेरिट चेस या दुसऱ्या अमेरिकन पेंटरनेही तिला रंगवलं, तो मात्र तिला ऐन नाचात पकडायला गेला, पायाशी प्रेक्षकांनी फेकलेली फुलंबिलं सगळं आहे. छान आहे ते, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, पण मला विचाराल तर मध्येच पॉज केलेल्या व्हिडिओसारखं वाटतं. सार्जंटने नाच दाखवलाच नाही, त्याआधीचा तोरा दाखवला, म्हणजे एक पाय पुढे, मान ताठ, नजर अशी की आता सुरू करते, बघाच, आणि हालचाल सगळी ठेवली ब्रशमध्ये, त्या झग्यावरचं भरतकाम जवळून बघाल तर नुसते रंगाचे फटकारे आहेत, दोन पावलं मागे या की लगेच चमकायला लागतं.

१८९२ला फ्रेंच सरकारने हे चित्र विकत घेतलं, आता पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे. आणि तिचा नाच बघायचाच असेल तर तोही आहे बरं का, १८९४मध्ये एडिसनच्या स्टुडिओत तिची फिल्म घेतली होती, वीसेक सेकंदांची, मुकी, नेटवर आरामात सापडते, तिच्यात ती गर्रकन वळते आणि स्कर्टचा घेर मस्त फिरतो, फक्त फिल्म ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे पिवळ्या रंगासाठी सार्जंटकडेच जावं लागतं.