चिलखताच्या आत कोण होतं?

(दृश्य: 'मेट्रॉइड', खेळ सुरू)

१९८६. निन्टेन्डो कंपनीचा व्हिडिओ गेम 'मेट्रॉइड'. चिलखतातला लढवय्या उड्या मारतो, गोळा होऊन चिंचोळ्या बोगद्यातून घरंगळत जातो, दारं उडवतो. इंग्रजी माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख पुरुष म्हणून आहे, तेव्हा शंका यायचं कारणच नाही. आता शेवट बघा. गेम पाच तासांच्या आत संपवला, तर शिरस्त्राण उतरतं आणि लांब केस दिसतात. सॅमस अरान बाई आहे.

त्याहून लवकर संपवला, तर चिलखतही उतरतं. एका तासाच्या आत संपवणाऱ्याला ती बिकिनीत दिसते. हे बक्षीस कोणाला डोळ्यांसमोर ठेवून होतं, ते वेगळं सांगायला नको. पण आपण तिच्या पायांकडे बघू. चिलखत उतरलं की त्याच सॅमसला घेऊन गेम पुन्हा खेळता येतो. तीच उडी, तीच तोफ, तोच गोळा. चित्रं नवी काढली. बाकी सगळं जिथल्या तिथे.

(दृश्य: मोशन कॅप्चर स्टुडिओ)

आज हीच उडी अशी तयार होते. अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख, त्यावर जागोजागी चिकटवलेले मार्कर. कॅमेऱ्यांना कलाकार दिसत नाही, फक्त ठिपके दिसतात: खांदा, कोपर, गुडघा, टाच. संगणक ते जोडून सांगाडा उभा करतो. या सांगाड्याला ना चेहरा, ना केस, ना कपडे. त्यावर कोणाचं शरीर चढवायचं, ते नंतर ठरतं.

मापं वेगळी असली की गडबड होते, हे खरं. खांदे अरुंद केले की हात छातीतून आरपार जातो. पाय आखूड केले की पाऊल जमिनीवर घसरतं. मग ॲनिमेटर एकेक फ्रेम पुढे-मागे करत टाच जागेवर आणतो. किचकट काम आहे. पण एका पुरुषाची हालचाल दुसऱ्या, जाडजूड पुरुषावर चढवतानाही नेमकं हेच करावं लागतं, आणि तेव्हा कोणी खर्चाचा हिशेब मांडत नाही.

(दृश्य: 'असॅसिन्स क्रीड युनिटी'ची जाहिरात, छतावर चार मारेकरी)

जून २०१४. 'असॅसिन्स क्रीड' मालिकेतला नवा गेम, 'युनिटी'. चौघांनी मिळून खेळायचा, चौघेही पुरुष. बाई का नाही? गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीकडून उत्तर आलं, काम दुप्पट होतं. ॲनिमेशन दुप्पट, आवाज दुप्पट, कपडे दुप्पट. ८,००० हालचाली नव्याने कराव्या लागतील, असाही आकडा आला.

याच मालिकेच्या तिसऱ्या भागावर काम केलेले ॲनिमेटर जोनाथन कूपर यांनी जाहीरपणे वेगळाच अंदाज दिला: एक-दोन दिवसांचं काम. पुरावाही घरचाच होता. याच मालिकेतल्या २०१२ च्या 'लिबरेशन'ची नायिका अ‍ॅव्हलीन. तिच्या हालचाली तिसऱ्या भागाचा नायक कॉनर याच्याशी जितक्या जुळतात, तितक्या पुढच्या भागाचा नायक एडवर्ड याच्याही जुळत नाहीत, असं कूपर यांचं म्हणणं.

(दृश्य: अ‍ॅव्हलीन आणि कॉनर, शेजारी-शेजारी)

ध्वनी बंद करून बघा. भिंतीवर हात कुठे पडतो, उडीआधी गुडघा किती वाकतो. अडचण सांगाड्याची असती, तर अ‍ॅव्हलीन भिंत चढलीच नसती. यादी करताना बाईचं नाव शेवटी लिहिलं जातं आणि मुदत जवळ आली की तेच आधी खोडलं जातं. ज्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी ते करून दाखवलं होतं, तिनेच ते जड असल्याचं सांगावं, हे मात्र जरा जास्तच झालं.

(दृश्य: झपाट्याने बदलती दृश्यं)

गदारोळ झाला. २०१५ मध्ये याच मालिकेच्या 'सिंडिकेट'मध्ये नायिका इव्ही फ्राय आली. त्याच वर्षी फुटबॉलच्या 'फिफा १६' गेममध्ये महिलांचे १२ राष्ट्रीय संघ उतरले. २०१७ मध्ये एलॉय एकटीने 'होरायझन झीरो डॉन'ची नायिका झाली.

(दृश्य: 'ओडिसी', पात्रनिवडीचा पडदा)

'असॅसिन्स क्रीड'च्याच २०१८ च्या 'ओडिसी'त सुरुवातीलाच विचारतात, अलेक्सिओस की कॅसांड्रा? कोणालाही घ्या. तीच मोहीम, तीच मारामारी, बहुतेक संवादही तेच.