दोन प्रोसेसर आणि एक पेटी

[दृश्य: उद्यमबाग, बेळगाव. संध्याकाळची शिफ्ट सुटते आहे.]

दिवसभर सीएनसी मशीनवर उभा असलेला हा तरुण रात्री शहापुरातल्या घरी निन्टेंडो डीएस घेऊन बसतो. हातात मावणारं, दोन पडद्यांचं हे गेमयंत्र २००४ साली आलं आणि जगभरात १५ कोटींहून जास्त विकलं गेलं. त्याला यावर पेटी वाजवायची आहे, गल्लीतल्या भजनी मंडळासाठी. खालच्या पडद्यावर पट्ट्या, बोट टेकवलं की सूर. मंडळानं मागितलेली नाही, हे सांगून टाकलेलं बरं.

[दृश्य: यंत्राच्या आतल्या रचनेची आकृती.]

डीएसमध्ये दोन प्रोसेसर आहेत. एआरएम९ हा ६७ मेगाहर्ट्झचा, एआरएम७ त्याच्या निम्म्या वेगाचा. चित्रं आणि गणित थोरल्याकडे. आवाजाच्या १६ वाहिन्या, टचस्क्रीन, वायफाय हे सगळं धाकट्याकडे. बटणांची वाटणी तर गमतीचीच: ए आणि बी दोघांनाही दिसतात, एक्स आणि वाय फक्त धाकट्याला. कुणी एक्स दाबलं, तर थोरल्याला ते धाकट्यानं सांगितल्यावरच कळणार.

बहुतेक हौशी प्रोग्रामर लिबएनडीएस या डीएससाठीच्या तयार कोडच्या संग्रहाबरोबर मिळणारा एआरएम७चा तयार प्रोग्राम जोडतात आणि एआरएम९पुरतंच लिहितात. शहाणपण त्यातच आहे. यानं दोन्ही लिहायला घेतले.

दोघांमध्ये निरोपासाठी फिफो नावाची रांग असते. एका दिशेला ३२ बिटांचे १६ आकडे, बस्स. एवढ्यात सूर काय मावणार? म्हणून सूर ४ एमबीच्या मुख्य मेमरीत ठेवायचा आणि फिफोतून नुसता त्याचा पत्ता कळवायचा.

सूर तयार होतो गणितातून. अपूर्णांकांसाठी वेगळं हार्डवेअर एआरएम९मध्ये नाही, म्हणून ४०९६ म्हणजे एक असं धरून सगळा हिशेब पूर्णांकांतच. आधी मूळ स्वर, मग त्यात दुप्पट कंपनांचा, मग तिप्पट. प्रत्येक फेरीत आधीचा आकडा वाचायचा, भर घालायची, परत ठेवायचा.

लॅपटॉपवरच्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे डीएसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, पेटी गोड वाजली. खऱ्या डीएसवर सूर लागला खरा, पण शेवटाला पातळ पडला आणि वर खरखर.

[आवाज: आतल्या खोलीतून आई: “काय वाजवालायस रे?”]

दोष गणितात नव्हता, कॅशमध्ये होता. एआरएम९जवळ ४ केबीची डेटा कॅश असते, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी, वेगवान मेमरी. वाचलेला आकडा तिथे येतो, भरही तिथेच पडते. मुख्य मेमरीत तो उतरतो नव्या आकड्यांना जागा लागेल तेव्हा. दुकानदारानं कच्च्या वहीत मांडलेलं खतावणीत चढवलंच नाही, आणि मुनीम खतावणी बघून बाकी सांगतोय, तसला प्रकार. आवाजाचं हार्डवेअर मुख्य मेमरीच वाचतं. सुराचा पुढचा भाग ढकलला जाऊन तिथे पोचला होता. शेवटच्या भागात घातलेली तिप्पट कंपनांची भर मात्र कॅशमध्येच अडकली होती. बरेच इम्युलेटर कॅशची नक्कल करतच नाहीत. मग तिथे हा दोष दिसणार कसा?

[दृश्य: कोडमधली एक ओळ.]

उपाय एका ओळीचा: डीसी फ्लशरेंज. सुराचा पत्ता आणि लांबी द्यायची, कॅशमधलं सगळं मेमरीत उतरतं. पण ही ओळ पत्ता फिफोत टाकण्याच्या आधी हवी. नंतर घातली, तर आवाजाचं हार्डवेअर तोवर जुनंच वाचायला लागलेलं असतं.

आता त्याला मायक्रोफोन हवाय, म्हणजे गाणाऱ्याची पट्टी ओळखता येईल. इथे वाट उलटी: आवाज एआरएम७ टिपणार, वाचायचा एआरएम९नं. त्यामुळे फ्लश नाही, इनव्हॅलिडेट. कॅशमधली शिळी प्रत टाकून द्यायची. कॅशची एक ओळ ३२ बाइटांची. बफर, म्हणजे टिपलेला आवाज ठेवायची मेमरीतली जागा, त्या हद्दीवर नसेल, तर शेजारच्या व्हेरिएबलचा ताजा आकडाही तिच्याबरोबर पुसला जातो. एआरएम७ची बाजू अजून लिहायची आहे, पण बफर त्यानं ३२च्या पटीत बांधून ठेवलाय.