झाडावरचा चकचकीत गोळा, पण खायचा: केक, फोंडंट आणि चॉकलेटचे ख्रिसमस ऑर्नामेंट

[कॅमेरा पांढऱ्या ताटलीवर. ताटलीत पाच गोळे: दोन लाल, एक पांढरा, एक गडद चॉकलेटी, एक सोनेरी.]

नमस्कार. या पाच गोळ्यांकडे जरा निरखून बघा. यातले चार केकचे आहेत आणि एक काचेचा, झाडावरून काढून आणलेला. काचेचा कोणता ते आत्ता सांगत नाही. शेवटी सुरी चालवणार आहे, तेव्हा कळेलच.

नाताळच्या झाडावर आधी खाऊच टांगायचे, काच नंतर आली. १६०५ सालच्या एका नोंदीत स्ट्रासबर्गमधल्या घरांत उभ्या केलेल्या झाडांचं वर्णन आहे. त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब होते, आणि सफरचंदं, पातळ वेफर, सोनेरी वर्ख, साखरेची मिठाई. काचेचे गोळे सगळीकडे पसरले ते १९व्या शतकात, जर्मनीतल्या लाउशा नावाच्या गावातून. तिथल्या कारागिरांचा पिढीजात धंदाच काच फुंकण्याचा.

म्हणून मला हा प्रकार नुसता दाखवण्यापुरता करावासा वाटत नाही. झाडावरची वस्तू पुन्हा खाऊ करायची, तर ती शेवटच्या घासापर्यंत खावीशी वाटली पाहिजे. जाड फोंडंटखाली, म्हणजे साखरेच्या लाटता येणाऱ्या मऊ लगद्याच्या थराखाली, कोरडा केक दडवलेले गोळे मी बरेच पाहिलेत. मुलं वरचं सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात आणि आतलं अर्धवट टाकतात. आज आपण जे करणार आहोत त्यात प्रत्येक थर चवीला उतरला पाहिजे.

सुरुवात आतल्या गोळ्यापासून. ५०० ग्रॅम केक घ्या. साधा स्पंज चालेल, चॉकलेटचा चालेल, आदल्या दिवशीचा असेल तर उत्तमच, कारण ताज्या केकचा चुरा चिकट होतो. कडेची करपलेली, कडक साल काढून टाका. नाहीतर गोळ्यात मधेच कण लागतात आणि वरचं कवच गुळगुळीत होत नाही. केक हातानं चुरा आणि त्यात मऊ बटरक्रीम किंवा गनाश घाला. मी गनाशच घालते. समान वजनाचं डार्क चॉकलेट आणि गरम क्रीम, ढवळून एकजीव केलेलं आणि गार केलेलं.

किती घालायचं? १०० ते १२० ग्रॅम हा अंदाज. पण आकड्यापेक्षा हाताचं ऐका. दोन-दोन चमचे घालत जा आणि मूठ वळून बघा. मूठ वळली, दाबलेला गोळा फुटला नाही, हाताला तेलकट ओलावा लागला नाही, की थांबा. बहुतेकांचं इथेच जास्त होतं. मिश्रण ओलं झालं तर गोळा स्वतःच्या वजनानं खाली बसतो आणि खायला कच्च्या पिठासारखा लागतो. केक स्पंजसारखा लागायला हवा, लगद्यासारखा नाही.

आता वजन. काटा असेल तर वापराच. ३५ ग्रॅमचा गोळा साधारण ४ सेंटीमीटर रुंद होतो. हातात धरायला बरा, दोन-तीन घासांत संपणारा. एवढ्या मिश्रणात १७ गोळे होतात. आधी घट्ट दाबून घ्या, मग हलक्या हातानं फिरवा. दाबल्याशिवाय फिरवलं तर आत हवेची पोकळी राहते.

[जवळून: तडकलेल्या कवचाचा गोळा.]

हा गोळा मुद्दाम बिघडवून आणलाय. कवचावर ही केसासारखी चीर दिसतेय? पहिल्यांदा मी हे केले तेव्हा अख्खा ट्रे असाच तडकला होता. रात्री सगळे सुबक होते, सकाळी एकूण एक फुटलेले, आणि काहींच्या चिरेतून केकची बारीक सुरळी बाहेर आलेली. मला फार वाईट वाटलं, कारण चूक कुठे झाली तेच कळत नव्हतं. चूक फ्रीझरमध्ये होती. गोळे लवकर घट्ट व्हावेत म्हणून मी ते गोठवले होते. गोठलेला गोळा आकसतो. त्यावर कोमट चॉकलेट पडलं की ते क्षणात आवळून बसतं. मग आतला केक खोलीच्या तापमानाला येताना फुगतो, त्याला जागा नसते, आणि कवच तडकतं.

म्हणून गोळा गार हवा, गोठलेला नको. फ्रीजमध्ये अर्धा तास ते एक तास, फ्रीझरमध्ये नाही. आणि बुडवायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवा. बोटाला गार लागला पाहिजे, पण वर दव धरलेलं नको. या व्हिडिओतली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर हीच ठेवा.

चॉकलेटकडे येऊ. दोन वाटा आहेत. एक कंपाउंड चॉकलेट, ज्यात कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते. ते वितळवायचं, बुडवायचं, झालं. दुसरं खरं चॉकलेट, कोको बटर असलेलं, आणि त्याला टेम्परिंग करावं लागतं, म्हणजे ठरावीक तापमानांना गरम-गार करून नीट गोठवावं लागतं. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारांनी गोठू शकतं. त्यातला पाचवा प्रकारच आपल्याला हवा असतो, कारण त्यात चकाकी असते, मोडताना टक् असा आवाज येतो, आणि हातात ते लगेच विरघळत नाही. नुसतं वितळवून गार केलं तर सगळे प्रकार मिसळतात आणि वर राखाडी-पांढरे पट्टे उठतात.

घरी सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे बियाणं घालण्याची. चॉकलेट बारीक चिरा. दोन भाग वितळवा, एक भाग तसाच बाजूला ठेवा. डार्क असेल तर ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करा, मग बाजूला ठेवलेलं थोडं थोडं घालत ढवळत राहा आणि ३१–३२ अंशांवर आणा. मिल्क चॉकलेट २९–३०, व्हाइट २७–२८. या न वितळलेल्या तुकड्यांमधले योग्य स्फटिक बाकीच्यांना वळण लावतात. थर्मामीटर हवाच. झालं की सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. गार खोलीत पाच मिनिटांत चकचकीत घट्ट झालं, तर काम फत्ते.

पहिल्यांदाच करत असाल तर कंपाउंड घ्या, त्यात काही कमीपणा नाही. फक्त चाखून घ्या. काही कंपाउंड टाळूला मेणासारखं चिकटतं, आणि ते असं गोळ्यावर घातलं तर माझ्या मते सगळी मेहनत वाया.

पाणी मात्र दोन्हींचं वैरी. एक थेंब पडला तरी साखर आणि कोकोचे कण एकमेकांना धरतात आणि चॉकलेटचा रवाळ गोळा होतो. भांडं, चमचा, हात, सगळं कोरडं ठेवा. असं झालंच तर ते फेकू नका. गरम क्रीम घालून घोटा, सॉस होईल. बुडवायला मात्र ते उपयोगाचं नाही. रंग घालायचा तर याच कारणानं तेलातला रंग घ्यायचा, फोंडंटचा जेल रंग नाही. आणि खऱ्या व्हाइट चॉकलेटचा रंग मुळात पिवळसर असतो, त्यामुळे निळा घातला की हिरवट होतो. जांभळ्याचा अगदी टोकभर ठिपका घालून तो पिवळेपणा मारता येतो.

[बुडवण्याचं दृश्य. उंच, अरुंद मग.]

४०० ग्रॅम चॉकलेट अरुंद मगमध्ये ओता, म्हणजे खोली मिळते. एक काडी, लॉलीपॉपची असते तशी, टोकाला चॉकलेटमध्ये बुडवून गोळ्यात अर्ध्यापर्यंत खोचा आणि ते घट्ट होऊ द्या. मग गोळा सरळ आत, सरळ बाहेर. आत फिरवायचा नाही, नाहीतर काडीवरून सुटतो. बाहेर काढून मगच्या कडेवर मनगट हलकं हलकं आपटत राहा, जादाचं चॉकलेट ओघळून जाईपर्यंत. मग थर्माकोलमध्ये काडी रोवून उभा ठेवा. घट्ट झाल्यावर काडी पिळून काढा. भोक राहतं, राहू दे. ऑर्नामेंटची टोपी नेमकी तिथेच बसते. मला ही युक्ती सुचली तेव्हा इतका आनंद झाला होता, कारण तोवर गोळ्याचा एक भाग ताटलीला टेकून कायम चपटा व्हायचा.

अर्धगोलाच्या साच्यात चॉकलेटच्या वाट्या करून आत केक भरणं, हीही एक पद्धत आहे. दोन वाट्यांच्या कडा कोमट ताटलीवर क्षणभर टेकवून जोडायच्या. गोल अगदी काटेकोर येतो. पण पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या साच्याला टेम्पर केलेलंच चॉकलेट लागतं, कारण ते गोठताना आकसतं म्हणूनच साचा सोडतं.

आता फोंडंट. दोन प्रकारे वापरता येतं: गोळा पूर्ण गुंडाळायला, किंवा चॉकलेटच्या कवचावर नक्षीपुरतं. माझा कल दुसऱ्याकडे, कारण नुसता गोडवा फार होतो. पण पांढराशुभ्र, मॅट, मखमली दिसणारा गोळा हवा असेल तर गुंडाळायलाच लागेल.

त्यासाठी गोळ्याला चॉकलेटऐवजी गनाशचा पातळ हात द्या आणि गार करा. फोंडंट मळून मऊ करा, कानाच्या पाळीसारखं लागलं पाहिजे. २ मिलिमीटर जाडीचं लाटा, ३ च्या वर नको. १० ते ११ सेंटीमीटरचा गोल कापा, गोळा मध्यावर ठेवा आणि कडा वर ओढत गोळा करा. चुण्या वरच्या टोकाला जमतील, त्या कात्रीनं छाटा. तिथे टोपी येणार आहे, काळजी नको. मग दोन्ही तळव्यांत गोल फिरवत राहा. तळव्याच्या उबेनं सांधे मिटतात.

खाली भुरभुरायचं कॉर्नफ्लोअर जपून. जास्त झालं की फोंडंट कोरडं पडतं आणि हत्तीच्या कातडीसारख्या बारीक भेगा पडतात. भेगा दिसल्या तर बोटावर टिकलीएवढं शॉर्टनिंग, म्हणजे घट्ट वनस्पती तूप, घेऊन चोळा. गडद लाल हवा असेल तर बाजारात मिळतं ते लाल फोंडंटच घ्या. पांढऱ्याला इतका रंग लागतो की ते चिकट आणि कडवट होतं. घरी रंगवलंच, तर झाकून काही तास ठेवा. रंग आपोआप एक छटा गडद होतो.

चांदण्या, हिमकण, पट्ट्या कापायच्या तर २५० ग्रॅम फोंडंटला साधारण एक छोटा चमचा सीएमसी पावडर (खाण्याजोगी, घट्टपणा आणणारी डिंकासारखी पूड) मळा, म्हणजे तुकडे कडक वाळतात. फोंडंटवर फोंडंट चिकटवायला पाण्यात थोडी सीएमसी भिजवून केलेला गोंद पुरतो. चॉकलेटवर मात्र पाण्याचा गोंद धरत नाही. तिथे वितळलेल्या चॉकलेटचा थेंबच लागतो.

टोपीसाठी अगदी लहान पन्हाळीदार पेपर कपात चॉकलेट ओता आणि गोठवा. कागद सोलला की कडेच्या चुण्या काचेच्या गोळ्यावरच्या धातूच्या टोपणासारख्याच दिसतात. वर फोंडंटची वाळवलेली छोटी कडी.

आणि चमक. इथे मी थोडी थांबते, कारण हा सुंदर दिसण्यापेक्षा मोठा विषय आहे. डबीवर "नॉन-टॉक्सिक" लिहिलंय म्हणजे ती खायची असं नाही. "एडिबल" असं लिहिलेलं हवं आणि घटकांची यादी हवी. यादी नसेल तर ती पावडर खाण्याच्या वस्तूला लावू नका. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाच्या केकमुळे ६ मुलं आजारी पडली. केकवरच्या सोनेरी चमकीच्या थरात तांब्याचं प्रमाण भरमसाठ निघालं. मुलांसाठी करताना डबी उलटी करून वाचायला पाच सेकंद लागतात. कृपा करून वाचा.

खायची चमक चॉकलेटवर कोरडीच, मऊ ब्रशनं लावा. फोंडंटवर रंगासारखी लावायची तर व्होडकासारख्या कडक मद्यात कालवतात, कारण ते लगेच उडून जातं. पाणी साखर विरघळवतं आणि डाग पडतात. मद्य नको असेल तर वितळलेल्या कोको बटरचे दोन-चार थेंब घ्या. वाळायला थोडा वेळ लागतो, बाकी काम छान होतं.

टांगायचं? कडीला नाही. टोपी, केक आणि कवच मिळून पन्नास ग्रॅमच्या आसपास वजन होतं, फोंडंटची कडी ते धरणार नाही. पारदर्शक पिशवीत गोळा घाला, तोंड रिबिनीनं बांधा, आणि रिबीन फांदीला. गरम दिव्यांपासून लांब. खाऊ देण्याआधी पाहुण्यांपैकी कुणाला दाणे, दूध, अंडं चालत नाही का ते विचारून घ्या.

गनाशचे गोळे हवाबंद डब्यात, गार जागी दोन-तीन दिवस राहतात. फोंडंट लावलेले फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर दव धरतं आणि रंग ओघळतात. क्रीम चीज वापरलं असेल तर मात्र फ्रीज लागणारच, म्हणून फोंडंटच्या गोळ्यात मी ते घालत नाही.

[सुरी. ताटली पुन्हा समोर.]

तर, पहिला लाल. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घेतलीय, म्हणजे कवच फुटणार नाही. हे बघा: बाहेर पातळ लाल कवच, आत गडद केक, मध्ये पोकळी नाही. पांढरा... फोंडंट दोन मिलिमीटरच, खाली गनाशची रेघ. चॉकलेटी, ऐका हं, टक्. सोनेरीही केकच.

आणि हा दुसरा लाल, याला सुरी लावत नाही. हा परत झाडावर.